पंख्याची पट्टी

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो गोधडीत गुंडाळून. मामा मुंबईत ज्या कचेरीत होता तिथे नवी यंत्रं आली, जुनी काढून टाकली, त्यातलं एक त्याने आमच्यासाठी मागून घेतलं. महाडच्या स्टँडवर तो एस.टी.तून उतरला तेव्हा मॉनिटर लहान मुलासारखा पोटाशी धरलेला आणि यंत्राचा मुख्य डबा, ज्याला आम्ही पुढे कायम ‘डबा’च म्हणत राहिलो, तो गोधडीत. गोधडी आईने शिवलेली होती, म्हणून डबा बघायच्या आधी तिने गोधडीचा टाका कुठे उसवलाय ते बघितलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, पोलादपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. प्रश्नपत्रिका हाताने लिहून लिहून त्यांच्या बोटाला घट्टा पडला होता, आणि आता त्या मराठीत टाइप करता येणार या कल्पनेने ते आठवडाभर हवेत होते. मी अकरावीला होते. मला प्रश्नपत्रिकांचं काही नव्हतं. मला तो डबा उघडून आत काय आहे ते बघायचं होतं.

उघडायला फार वेळ लागला नाही, कारण मामाने झाकण लावलेलंच नव्हतं. लावता येत नव्हतं. यंत्राचा जो मुख्य भाग असतो, जो सगळा विचार करतो आणि त्यामुळे तापतो, त्याच्या डोक्यावरचा मूळ पंखा मोडला होता. मामाने मुंबईत ज्या दुकानदाराला तो दाखवला, त्याने त्या जागी कुठल्यातरी मोठ्या यंत्रातला भला थोरला पंखा तारेने आवळून बसवला होता. तो झाकणाच्या वर डोकं काढायचा. बटण दाबलं आणि तो फिरायला लागला तेव्हा मामा म्हणाला, “जरा आवाज करतो, पण थंड ठेवतो.” त्यातलं ‘जरा’ हे खोटं होतं. बाजारपेठेच्या मागच्या आळीत, कापडाच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. महामार्गावर गिअर बदलणारे ट्रक, एमआयडीसीतला पाळीचा भोंगा, खाली गिऱ्हाइकासमोर कापडाचा तागा उलगडताना होणारा धप्प असा आवाज, हे सगळं आम्हाला घरातल्या भांड्यांइतकं ओळखीचं होतं. पंखा सुरू झाला की त्यातलं काहीच ऐकू येईना. अण्णा पुढच्या खोलीतून “चहा” म्हणून ओरडायचे आणि आई मागून “काय दहा?” म्हणायची. कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात, म्हणून एकदा वरणाचा पार लगदा झाला. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, “गिरणी घातलीत की काय हो घरात?”

आईला या आवाजाचा जो त्रास होत होता तो मात्र वेगळा होता, आणि तो कळायला तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. आई गायची. गाण्याचे कार्यक्रम वगैरे नाही. लग्नाआधी चिपळूणला एका गुरुजींकडे आठ-नऊ वर्षं शिकली होती, आणि महाडला आल्यावर संध्याकाळी आळीतल्या मुलींना शिकवायची. माझ्या लहानपणीची प्रत्येक संध्याकाळ पेटीच्या आवाजाने सुरू होते. मग डबा येण्याच्या आदल्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आम्ही देवाचे आभार मानले. पण आवाज परत आला तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. बोलताना फारसं कळत नसे. गायला बसली की तिच्या नेहमीच्या पट्टीत, काळी पाचात, ती सा लावायची आणि तो मध्येच तडकायचा. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मुलींच्या आया म्हणाल्या, येईल हळूहळू. आई काही दिवस रोज बसली, मग एक दिवसाआड, मग म्हणाली मुलींची परीक्षा जवळ आली आहे, त्यांना सुट्टी देऊ. परीक्षा झाली तरी सुट्टी संपली नाही. घरात कुणी विषय काढत नसे. आणि आता त्या शांत झालेल्या घरात हा पंखा येऊन बसला होता. “निदान शांतता तरी होती,” एवढंच आई एकदा म्हणाली, वालाचं बिरडं सोलता सोलता, कुणाकडेही न बघता.

पंख्याचा आवाज कमी करायचा हे मी मनावर घेतलं ते तिथून. पण खरं सांगायचं तर निम्मं कुतूहलच होतं. पोलादपूरला रस्त्याला लागून नथूदादांचं दुरुस्तीचं दुकान होतं. आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबायच्या आणि त्यांच्या टेपरेकॉर्डरपासून गावातल्या मिक्सरपर्यंत सगळं नथूदादा उघडून बसायचे. एका शनिवारी शाळा सुटायच्या वेळेला मी अण्णांना भेटायला म्हणून पोलादपूरला गेले आणि दोघं त्यांच्याकडे थांबलो.

“पंखा हाय ना?” नथूदादा म्हणाले. “मंग रेग्युलेटर लाव की. शिलिंग फ्यानचा पडलाय माझ्याकडं, ने.”

“अहो, तो चालायचा नाही,” अण्णा म्हणाले. “घरातली वीज उलटसुलट वाहते, तिच्यासाठी असतो तो. हा पंखा बारा व्होल्टवर चालतो आणि त्याची वीज एकाच दिशेने वाहते.”

“चालंल की, मास्तर.”

“जळेल.”

“जळंल तर मंग कळंल,” नथूदादा हसत म्हणाले. पण अण्णांच्या डोळ्यांत एव्हाना काहीतरी चमकलं होतं. मला म्हणाले, “सुमा, आपल्या प्रयोगशाळेत ऱ्होस्टॅट आहे.”

विज्ञान शाखेच्या मुलांनी हे उपकरण पाहिलेलं असतं. हाताएवढी लांब चिनीमातीची नळी, तिच्यावर तारेचे दाट वेढे, आणि वरून मागेपुढे सरकणारी पितळी सरकपट्टी. सरकवाल तशी विजेची वाट लांब होते किंवा आखूड होते. मुख्याध्यापकांना विचारून अण्णांनी तो पिशवीत घातला. पिशवीतून त्याचं एक टोक बाहेर आलं होतं आणि एस.टी.त कंडक्टरने विचारलं, “गुरुजी, लाटणं नेताय?”

रविवारी सकाळी आम्ही तो जोडला. अण्णांनी पंख्याची लाल वायर मधोमध कापली आणि दोन्ही टोकं ऱ्होस्टॅटला आवळली. मी जमिनीवर पालथी पडून सरकपट्टी धरली होती. आई मधल्या दारात बसून वाल सोलत होती, कारण उजेड तिथे चांगला यायचा. अण्णांनी डबा सुरू केला, पंखा नेहमीसारखा भुंकला आणि मी पट्टी हळूच सरकवली. आवाज खाली आला. नुसता लहान नाही झाला, खाली उतरला, जसा चढणीवर ट्रकचा उतरतो. मी आणखी सरकवली, आणखी उतरला. मला मजा वाटायला लागली. खाली, वर, पुन्हा खाली. अण्णा एक बोट तापणाऱ्या भागाच्या पत्र्याला लावून डोळे मिटून बसले होते. “कोमट,” म्हणाले. “अजून चालेल.”

“सुमे, जरा मागे घे,” आई म्हणाली.

“काय मागे?”

“ते सरकवत्येस ते. मगाशी होतं तिथे आण.” मी आणलं. “अजून. अजून थोडं. हां. आता हात लावू नको.”

मी हात काढला. पंखा आता एका जागी स्थिर झाला होता, गुरगुर संपून त्याचा सलग, भरीव असा आवाज झाला होता. आईच्या हातातला वालाचा दाणा तसाच राहिला.

“पांढरी चार,” ती म्हणाली.

“काय पांढरी?” अण्णांनी डोळे उघडले.

“पंखा. पांढरी चारात लागलाय. केसभर खाली असेल.” आणि ती पुन्हा सोलायला लागली.

मी तिला विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, “लाल रंग लाल आहे हे तुला कसं कळतं?” मग मी अण्णांना विचारलं की पंख्याला सूर कुठून येतो. त्यांना हा प्रश्न इतका आवडला की चहा निवला. त्यांनी यंत्र बंद करून मला पाती मोजायला लावली. सात होती. प्रत्येक पातं एका जागेवरून जाताना हवेला एक फटका देतं. फटके सावकाश पडले तर ते सुटे ऐकू येतात, भराभर पडले तर कान त्यांचा एकच सूर करतो. जितके जास्त फटके तितका सूर वरचा. म्हणजे वेग म्हणजेच सूर. मी तोपर्यंत भौतिकशास्त्र पाठ केलं होतं, त्या सकाळी पहिल्यांदा ते मला ऐकू आलं. पुढे मी याच विषयात शिक्षण घेतलं, त्याची सुरुवात कुठे झाली असं कुणी विचारलं की मी कॉलेजातल्या एका सरांचं नाव सांगते, कारण वालाच्या सालींबद्दल सांगायला बसलं की फार वेळ जातो.

दुपारी जेवणं झाली, बिरडं आणि तांदळाची भाकरी, आणि अण्णा टाइप करायला बसले. पंखा सकाळी ठेवला होता तिथेच. मी कॉटवर पडले होते. थोड्या वेळाने मला पंख्याच्या आवाजाच्या आत दुसरा एक आवाज आहे असं वाटलं. मागच्या खोलीत आई भांडी पुसत होती आणि तोंड मिटून, पंख्याला लावून, तिच्या जुन्या काळी पाचाहून बऱ्याच खालच्या पट्टीत, सा धरत होती. तो तडकत नव्हता. अण्णांची बोटं कळफलकावर थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि त्यांनी मुद्दाम पुन्हा टाइप करायला सुरुवात केली. नुसतंच, काहीही. पडद्यावर ‘कककक’ उमटत गेलं.

मी नंतर यावर पुष्कळ विचार केला आहे. घरात पेटी होती. खालची पट्टी दाबून बघायला तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. पण पेटी उघडणं म्हणजे गायला बसणं, आणि गायला बसलं की पंचवीस वर्षांच्या सवयीने बोट काळी पाचवरच जाणार, आणि ती तडकणार. पंख्यासमोर कुणी गायला बसत नाही. तो आपला चालू होता आणि ती आपली भांडी पुसत होती. आईला हे पटत नाही. ती आता सत्तरीत आहे आणि तिचं म्हणणं असं की ती पंख्याबरोबर कधी गायलीच नाही, मी वाढवून सांगते, आणि शिवाय तो पंखा किंचित उतरलेला होता, कुणी शहाणी बाई अशा सुराला लावून घेणार नाही.

अडचण अशी झाली की दहावीच्या विज्ञानाच्या प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्या आणि ऱ्होस्टॅट शाळेला परत हवा झाला. अण्णांनी वायर पुन्हा जोडली. पंखा पहिल्यासारखा भुंकायला लागला. मागच्या खोलीतला तो आवाज बंद झाला. मी कान देऊन बसायचे. नुसती भांडी ऐकू यायची. मला एकदम भीती वाटली, की सापडलेली गोष्ट पुन्हा हरवते आहे आणि हे फक्त आम्हा दोघांनाच माहीत आहे. मी अण्णांना म्हटलं, आपण आपला स्वतःचा ऱ्होस्टॅट करू. ते म्हणाले, “ऱ्होस्टॅट नको, त्याच्याहून बरं काहीतरी असेल.” आम्ही पुन्हा नथूदादांकडे गेलो.

या वेळी नथूदादांनी खोक्यात हात घालून तीन पायांचा, काळा, पाठीला पत्रा असलेला एक भाग काढला. दुकानात त्याला नुसतं ‘तीनशे सतरा’ म्हणतात. एका पायाने बारा व्होल्ट आत घ्यायचे आणि दुसऱ्याने आपल्याला हवे तितके बाहेर सोडायचे; किती सोडायचे ते तिसऱ्या पायाला जोडलेलं फिरतं बटण ठरवतं. बटण म्हणून त्यांनी मोडक्या रेडिओतलं आवाजाचंच बटण उपटून दिलं.

“ह्यो तापतो हां गो,” ते मला म्हणाले. “पाठीला पत्रा लाव चांगला. आनि पत्रा डब्याला टेकवू नको, नायतर निसता धूर.”

“मध्ये अभ्रक घालू,” अण्णा म्हणाले.

“घाला, मास्तर. पन पंखा लय हळू नका चालवू. हळू चालनारं थांबाया बगतं.”

ते वाक्य आम्ही दोघांनीही ऐकलं आणि दोघांनीही सोडून दिलं. घरी येऊन मी आयुष्यात पहिल्यांदा डाख दिला. कथलाचे मणी फरशीवर उडाले, एक बोट भाजलं, आणि आईने त्याला तूप लावताना विचारलं, “कशासाठी एवढं?” मी म्हटलं, “आवाजाचा त्रास होतो ना तुला.” ती फुंकर घालत राहिली. पत्रा म्हणून आम्ही अॅल्युमिनियमच्या एका चेपलेल्या ताटलीचा तुकडा कापला. बटण मी उलटं जोडलं होतं, उजवीकडे फिरवलं की वेग कमी व्हायचा, आणि ते तसंच राहिलं. पहिल्यांदा फिरवलं तेव्हा पंखा अगदी मऊ उतरत गेला, सरकपट्टीसारखे धक्के नाहीत, खरखर नाही. स्वयंपाकघरातून आवाज आला, “थांब. अं... चढला. हां, तिथे.”

मग बरेच दिवस घर कसं छान चाललं. पंखा पांढरी चारात, आई कामात आणि कामातून सुरात. आधी मिटल्या तोंडाने, मग ‘आ’कारात, मग एका सकाळी घावन घालताना चक्क सरगम. खालच्या सुरांत तिचा आवाज वेगळाच लागायचा, जाडसर, थोडा खरखरीत. तो मला आधी परका वाटला आणि मग सवयीचा झाला. याच आवाजात पुढे तिने कितीतरी वर्षं मुली शिकवल्या, आणि ज्यांनी तिला फक्त त्यानंतरच ऐकलं त्यांना ती कधी काळी पाचात गायची हे खरं वाटत नाही. पण त्या दिवसांत हे काहीच ठरलेलं नव्हतं. पंखा बंद केला की तीही थांबायची. ते मी पाहून ठेवलं होतं, आणि त्याचीच मला धास्ती होती. अण्णांचं काम संपलं तरी मी डबा चालू ठेवायचे, काहीतरी निमित्त काढून.

मार्च संपत आला होता. उकाडा वाढला होता आणि वीज जायला लागली होती, कधी दुपारी, कधी दिवेलागणीला. त्या संध्याकाळी अण्णा नववीचा वार्षिक पेपर टाइप करत होते. आईने देवापाशी दिवा लावला आणि तिथेच पाटावर बसली. पंखा पांढरी चारात धरलेला होता. तिने सा लावला, आणि मग भूप रागातली एक साधी चीज सुरू केली, जी ती नव्या मुलींना पहिल्यांदा शिकवायची. ऑपरेशननंतर तिच्या तोंडून शब्द असलेलं गाणं मी पहिल्यांदा ऐकत होते. अण्णांनी मान वळवली नाही, पण त्यांची पाठ ऐकत होती. आणि चीज अर्ध्यावर असताना वीज गेली.

पडदा काळा झाला. पंखा उतरत गेला, पांढरी चारातून खाली, आणखी खाली, एक घरघर, आणि थांबला. खालच्या दुकानात कुणीतरी “मेणबत्ती आण रे” म्हणालं. आई थांबली नव्हती. समेवर आली, पुन्हा तीच ओळ घेतली, आणि सूर होता तिथेच होता. कुणी धरून ठेवलेला नाही, तरी तिथेच. अंधाऱ्या खोलीत फक्त देवापाशीच्या दिव्याचा उजेड तिच्या हनुवटीवर होता. अण्णा खुर्चीवरून उठले आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसले. मीही खाली बसले. ती ओळ फिरवत होती, कधी अशी, कधी तशी, घाई नाही. बाहेर ट्रक जात होते आणि आता ते सगळे ऐकू येत होते.

वीज परत कधी आली ते सांगता येणार नाही. ट्यूब फडफडली, डबा आपोआप सुरू झाला, कारण त्याचं बटण दाबलेलंच राहायचं. आमच्यातल्या कुणीही तिकडे पाहिलं नाही. सुरू झालेल्या डब्याचा आवाज येत नाही हे लक्षात यायला हवं होतं. पण आवाज येऊ नये म्हणूनच तर आम्ही एवढी खटपट केली होती. आणि मग एकाएकी डब्यातून अॅम्ब्युलन्ससारखा भोंगा वाजायला लागला, वर-खाली, वर-खाली, असा की शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारली.

“पंखा!” अण्णा ओरडले.

पंखा उभा होता. बटण इतकं खाली आणून ठेवलेलं, की चालत्या पंख्याला तेवढा जोर पुरत होता, पण थांबलेल्याला उठवायला नव्हता. उभी हातगाडी हलवायला जास्त बळ लागतं, तसं. मी धावत जाऊन बटण टोकाला फिरवलं. गडबडीत उजवीकडे फिरवलं, म्हणजे आणखी कमी केलं. “उलटं, सुमा, उलटं!” मग डावीकडे. पंखा थरथरला, पण फिरेना. त्याच्यात जुनी धूळ बसली होती. अण्णांनी पेन्सिलीने पात्याला ढोसलं आणि तो पूर्ण जोरात, पहिल्या दिवशी भुंकला होता तसा, सुटला. पडदा मात्र गोठलेला. तापलेल्या पत्र्याला अण्णांनी बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. यंत्र वाचलं, दुसऱ्या दिवशी नीट सुरू झालं, आणि बटणाला आम्ही एक खुंटी केली, ज्याच्या खाली ते उतरणारच नाही. पण हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. त्या क्षणी पंखा गर्जत होता, भोंगा वाजत होता, अण्णा बोटावर फुंकर घालत “गेला माझा पेपर” म्हणत होते आणि मी स्क्रू ड्रायव्हर शोधत होते, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं.

“अहो,” आई म्हणाली.

आम्ही वळून पाहिलं. ती पाटावरच होती. तिचा एक हात मांडीवर होता, ताल धरलेला, बोट करंगळीवर थांबलेलं.

“ते यंत्र आधी बंद करा बघू,” ती म्हणाली. “माझा अंतरा राहिलाय.”

अण्णांनी भिंतीतली पिन उपटली.